रसायन : औषधाकडून विषाकडे

ताथवड्यातील एका किराणा दुकानात परवा एकाच फळीवर दोन वस्तू शेजारीशेजारी दिसल्या. एक च्यवनप्राशाची बरणी. आयुर्वेदाच्या परिभाषेत च्यवनप्राश हे 'रसायन' होय. दुसरे गुळाचे पाकीट. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'रसायनविरहित'. गिऱ्हाईक या दोन्ही वस्तू प्रकृती चांगली राहावी याच हेतूने घेते. एक रसायन आहे म्हणून आणि दुसरीत रसायन नाही म्हणून. एका शब्दाचे दोन अर्थ असणे भाषेला नवे नाही. पण एकमेकांच्या इतके विरुद्ध अर्थ एकाच काळात, एकाच बाजारात सुखाने नांदत असतील, तर त्यामागचा इतिहास पाहायला हवा.

'रस' आणि 'अयन' या दोन पदांनी हा शब्द बनला. रस म्हणजे वनस्पतीतील द्रव, सोमाचा रस, आणि पुढे कोणत्याही गोष्टीचे सार. आयुर्वेदात अन्नापासून शरीरात तयार होणारा पहिला धातू तो रस. असे धातू उत्तम प्रकारे प्राप्त करून घेण्याचा मार्ग म्हणजे रसायन, अशी चरकसंहितेची भूमिका आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी हे एक अंग असून चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाच्या अध्यायाने होतो. विशेष म्हणजे तेथे 'आचाररसायन'ही सांगितले आहे. सत्य बोलणे, क्रोधापासून दूर राहणे हेही रसायनच! म्हणजे मुळात हा शब्द पदार्थापेक्षा मार्गाचा, 'अयना'चा वाचक होता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला 'रस' भेटतो तो भरताच्या नाट्यशास्त्रात. रसनिष्पत्ती समजावताना भरताने दिलेला दृष्टान्त मात्र स्वयंपाकघरातला आहे: गूळ, मसाल्याचे पदार्थ, औषधी वनस्पती यांच्या संयोगातून, त्यांपैकी एकातही नसलेली एक नवीच चव निर्माण होते. घटकांच्या संयोगातून घटकांत नसलेला गुण उपजणे ही कल्पना आज आपण रसायनशास्त्राच्या तासाला शिकतो. काव्यशास्त्र आणि रसायनशास्त्र हे शब्द एकाच घरातून निघाले आहेत, हे आपण वर्गात क्वचितच सांगतो.

मध्ययुगात 'रस' शब्दाला पारा हा अर्थ चिकटला. पाऱ्याचे शोधन, मारण, त्यापासून औषधे आणि सोने करण्याचे प्रयत्न असे रसशास्त्राचे मोठे दालन उघडले. अकराव्या शतकात अल्-बिरुनीने हिंदुस्थानविषयी लिहिताना रसायनाची स्वतंत्र नोंद घेतली. त्याला ही विद्या अरबांच्या 'किमिया'शी सदृश वाटली. हा 'किमिया' शब्द फारसीतून मराठीत आला आणि 'किमया' झाला. पुढे त्यातून सोने करण्याचा अर्थ मागे पडून केवळ चमत्कार उरला. माधव आचवलांनी वास्तू आणि सौंदर्यानुभवाविषयीच्या पुस्तकाला 'किमया' हे नाव दिले, तेव्हा कोणा वाचकाला मुशी आणि भट्टी आठवली नसेल. गंमत अशी, की तोच अरबी शब्द दुसऱ्या वाटेने युरोपात गेला, तेथे 'केमिस्ट्री' झाला आणि इंग्रजांबरोबर पुन्हा आपल्याकडे आला. 'किमया' आणि 'केमिकल' ही एकाच मुळाची दोन रूपे. एकाने आपण भारावतो, दुसऱ्याने धास्तावतो.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य विज्ञान मराठीत आणताना 'केमिस्ट्री'ला प्रतिशब्द हवा होता. 'किमया' हा तिचा सख्खा नातेवाईक हाताशी होता. तरी रूढ झाले ते 'रसायनशास्त्र'. या निवडीत स्वाभिमानाचाही अंश असावा. नवी विद्या सर्वस्वी परकी नाही, तिचे मूळ आपल्याकडेही आहे, असे तो शब्द सुचवीत होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि विज्ञान देशी भाषांतून शिकवता यावे हा त्यांचा ध्यास होता. प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी चरक-सुश्रुतांपासून रसतंत्रांपर्यंतची परंपरा आधुनिक रसायनज्ञाच्या नजरेने मांडली.

पण शास्त्राला 'रसायन' म्हटल्यावर त्या शास्त्राचा विषय असलेल्या पदार्थांनाही 'रसायने' म्हटले जाऊ लागले. येथे अर्थाने निर्णायक वळण घेतले. मार्ग गेला, माल उरला. तरीही स्वातंत्र्यानंतरची काही दशके हा शब्द प्रतिष्ठेचा होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तेथील संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना पनवेलजवळ उभा राहिला आणि तो परिसर चक्क 'रसायनी' म्हणून ओळखला जाऊ लागला. रेल्वेस्थानकाच्या फलकावर विज्ञानाचे नाव अभिमानाने लावण्याचा तो काळ होता.

हा अभिमान पुढे ओसरला, आणि त्याला सबळ कारणे होती. १९८४ मधील भोपाळची वायुदुर्घटना देश विसरू शकला नाही. आपल्याच परिसरात आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसला आहे. 'रसायनमिश्रित सांडपाणी' हा बातमीतला ठरीव शब्दप्रयोग झाला. भीती खोटी नाही; पण शब्द मात्र भोंगळ झाला. युरियाचेच उदाहरण घेऊ. शेतकरी त्याला 'रासायनिक' खत म्हणतो आणि त्याच्या विरुद्ध 'सेंद्रिय' खत ठेवतो. प्रयोगशाळेत मात्र युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. १८२८ मध्ये वोलरने ते प्रयोगशाळेत तयार केले, ही त्या शास्त्रातील गाजलेली घटना. सेंद्रिय शेतीत वापरल्या जाणाऱ्या गोमूत्रातही युरिया असतोच. याचा अर्थ दोन्ही खते सारखी असा नव्हे. जमिनीवर होणाऱ्या परिणामांचा वाद खरा आहे. पण तो 'रसायन आहे की नाही' या प्रश्नाने सुटणारा नाही. कोणते, किती आणि कोठे, हे विचारावे लागते. पाणी हेही रसायनच आहे, हे विसरलेला समाज नदीत नेमके काय सोडले गेले हेही विचारू शकत नाही. 'केमिकल' एवढे म्हणून तो थांबतो, आणि सोडणाऱ्याला तेवढेच हवे असते.

बोलीने मात्र जुना धागा सोडलेला नाही. एखाद्या न उलगडणाऱ्या माणसाला आपण आजही 'अजब रसायन' म्हणतो. त्यात विषाची छटा नाही. अनेक घटकांच्या संयोगातून काही निराळेच निर्माण झाल्याचे कौतुक आहे. भरताचा दृष्टान्त असा बोलीत जिवंत राहिला.

मध्यंतरी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहून पहिला मनात येणारा अर्थ विचारला. बहुतेकांनी 'विषारी', 'भेसळ', 'प्रदूषण' असे सांगितले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी जरा संकोचाने म्हणाला, "सर, माझे वडील केमिकलमध्ये आहेत." त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे पाळीची वेळ, कपड्यांना येणारा वास आणि घरातले जेवण. चरकाच्या रसायनाचे प्रयोजन दीर्घायुष्य हे होते. त्या मुलाच्या वडिलांचे हात रोज कशात बुडतात, हे त्यांना समजेल अशा मराठीत कोणी सांगितले असेल का, हा प्रश्न त्या तासाला मी विचारला नाही. विचारायला हवा होता.