सेहेचाळीस सामने आणि एक दुपार

आयपीएलमुळे 'प्लेऑफ' हा शब्द आपल्याकडे आता शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि तिची खरी गंमत मोठ्या क्लबांपेक्षा खालच्या विभागांतल्या, लहान गावांच्या क्लबांकडे पाहिलं की जास्त कळते.

आधी रचना सांगतो. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या एकावर एक अशा चार पायऱ्या आहेत. दरवर्षी वरचे काही क्लब पुढच्या पायरीवर चढतात, तळाचे खाली येतात. शाळेतल्या इयत्तांसारखंच, फक्त इथे वरच्या इयत्तेतून खाली परत पाठवण्याचीही सोय आहे! तिसऱ्या पायरीवर 24 क्लब, प्रत्येकाचे 46 सामने. पहिले दोन थेट वर जातात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चौघांत उपांत्य सामने होतात, एक आपल्या मैदानावर, एक दुसऱ्याच्या. मग लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामना. जिंकेल तो वर, हरेल तो होता तिथेच. चौथ्या पायरीवर तिघे थेट वर जातात आणि चौथा ते सातवा हे चौघे प्लेऑफ खेळतात.

याची सुरुवात 1893 सालची. तेव्हा दोनच विभाग होते, आणि वरच्या विभागाच्या तळाचे क्लब खालच्या विभागातल्या पहिल्या क्लबांशी सामने खेळत. त्यांना म्हणत 'टेस्ट मॅच'. (क्रिकेटशी संबंध नाही.) पहिल्याच वर्षी दुसऱ्या विभागात अव्वल आलेला स्मॉल हीथ वर जाऊ शकला नाही, कारण वर तळाला असलेल्या न्यूटन हीथने त्याला हरवलं. हाच न्यूटन हीथ पुढे 1902 मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. 1898 मध्ये चार क्लबांची साखळी ठेवली, तर स्टोक आणि बर्नली यांच्यातला शेवटचा सामना असा आला की बरोबरी झाली तर दोघांचंही भलं. मग काय, 0-0! गोल करायचा कुणी मनापासून प्रयत्नच केला नाही. त्यानंतर ही पद्धत मोडीत काढली, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं थेट बढतीच चालली.

ती परत आली त्यामागे मात्र मोठी चिंता होती. 1948-49 च्या हंगामात लीगचे सामने पाहायला सुमारे 4 कोटी 12 लाख प्रेक्षक आले होते. 1985-86 मध्ये हा आकडा साधारण 1 कोटी 65 लाखांवर आला. 1985 च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या मैदानाला आग लागून 56 माणसं गेली, आणि त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हेझल मैदानावर 39. लोक मैदानाकडे पाठ फिरवू लागले. त्यात वसंत ऋतू आला की मधल्या क्लबांना ना चढण्याची आशा, ना उतरण्याची भीती. अशा सामन्यांना येणार कोण? डिसेंबर 1985 च्या 'हीथ्रो करारा'नंतर 1986-87 पासून प्लेऑफ सुरू झाले.

आता एका क्लबाची गोष्ट सांगतो. केंट परगण्यातला जिलिंगहॅम. 1987 मध्ये तो तिसऱ्या विभागात होता. पहिल्या दोन वर्षांत वरच्या विभागातला एक क्लबही प्लेऑफमध्ये असे, त्यामुळे जिलिंगहॅमची गाठ सहा वेळा इंग्लंडचं विजेतेपद मिळवलेल्या संडरलंडशी पडली. दोन सामने मिळून 6-6, आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे जिलिंगहॅम पुढे गेला! संडरलंड आपल्या इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या विभागात घसरला. पण अंतिम फेरीत जिलिंगहॅम स्विंडनकडून फेरसामन्यात हरला.

1990 पासून अंतिम फेरी वेम्बलीवर एकाच सामन्यात होऊ लागली. 30 मे 1999 ला जिलिंगहॅम तिथे पोहोचला. समोर मँचेस्टर सिटी, हो, तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर होता! 87 व्या मिनिटाला जिलिंगहॅम 2-0 ने पुढे. मग हॉर्लॉकने एक गोल केला आणि भरपाईच्या वेळेत, पाचव्या मिनिटाला, डिकॉव्हने दुसरा. पेनल्टींवर सिटी जिंकली. त्याच सिटीने 2023 मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवलं. आणि जिलिंगहॅम? पुढच्याच वर्षी तो पुन्हा वेम्बलीवर आला, विगनविरुद्ध अतिरिक्त वेळेत 2-1 ने मागे पडला, आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल करून 3-2 ने जिंकला. क्लब प्रथमच दुसऱ्या पायरीवर गेला.

पण हा न्याय आहे का? 2023 मध्ये शेफील्ड वेन्सडे 96 गुण मिळवून तिसरा आला. त्याची उपांत्य गाठ पडली 77 गुणांच्या पीटरबरोशी, आणि पहिला सामना तो 0-4 ने हरला. वर्षभर कमावलेली 19 गुणांची आघाडी त्या संध्याकाळी कवडीमोल झाली होती. नंतर तो पेनल्टींवर वाचला आणि वेम्बलीवर बार्न्सलीविरुद्ध अतिरिक्त वेळेच्या अगदी शेवटी गोल करून वर गेला, ही वेगळी गोष्ट. आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना एकदा हरूनही दुसरी संधी मिळते. इंग्लंडमध्ये तिसऱ्याला मिळतो तो फक्त परतीचा सामना घरी खेळण्याचा फायदा.

उलट बाजूही आहे. एएफसी विम्बल्डन हा क्लब चाहत्यांनी 2002 मध्ये शून्यातून उभा केला. 2016 मध्ये चौथ्या पायरीवर सातवा येऊनही प्लीमथला 2-0 ने हरवून तो वर गेला. आणि एक्सिटर! तोही चाहत्यांच्याच मालकीचा. 2017, 2018 आणि 2020 अशा तीन अंतिम सामन्यांत तो हरला. तिसऱ्या वेळी तर कोरोनामुळे रिकाम्या वेम्बलीवर. मग 2022 मध्ये दुसरा क्रमांक मिळवून थेट वर गेला, अंतिम सामना न खेळताच.

शिक्षकाच्या मनाला विचाराल तर ते तिसऱ्या नंबराकडे झुकतं. वर्षभर इमानेइतबारे अभ्यास केलेल्या मुलाचं भवितव्य एका पेपरावर ठरू नये. पण वर्गातलं सातव्या नंबराचं मूलही माझ्या डोळ्यांसमोर येतं. त्याला फेब्रुवारीतच 'तुझं आता काही होणार नाही' असं कळलं, तर ते पुस्तक मिटून ठेवतं. प्लेऑफने त्या मुलाचं पुस्तक मे महिन्यापर्यंत उघडं ठेवलं, म्हणून मी या पद्धतीच्या बाजूने आहे. फक्त तिसऱ्याला आयपीएलसारखी एखादी सवलत द्यावी, असं आपलं मला वाटतं.

तुमचं मत काय, जरूर कळवा.