सिरोसिसमधील जस्तन्यूनता व स्नायुक्षय

यकृताच्या सिरोसिस या दीर्घकालीन विकारात बहुधा एकत्र आढळणाऱ्या दोन अवस्था. अपुरा आहार, सदोष शोषण, अल्ब्युमिनची घट व मूत्रावाटे होणारे उत्सर्जन यांमुळे शरीरातील जस्त कमी होते. जस्ताअभावी अमोनियाचे यूरियात रूपांतर करणाऱ्या यूरिया चक्रातील ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज या एंझाइमाची क्रियाशीलता घटते आणि रक्तातील अमोनिया वाढतो. स्नायू त्याचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात. मात्र अमोनियामुळेच मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारे प्रथिन वाढून स्नायुप्रथिनांची निर्मिती रोखली जाते. जलोदरामुळे (पोटात साचलेल्या द्रवामुळे) स्नायू क्षीण झाले तरी वजन घटलेले दिसत नाही. म्हणून स्नायुक्षय ओळखण्यासाठी तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरील सीटी स्कॅन व पकडीचे बळ तपासतात. उपचारांत दररोज दर किग्रॅ. वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅ. प्रथिने, झोपण्यापूर्वी अल्पोपाहार, झेपेल तेवढा व्यायाम आणि न्यूनता आढळल्यास वैद्यकीय देखरेखीखाली जस्तपूरके यांचा समावेश होतो.