माधवराव रानडे यांचे विद्यार्थिपण

गोदावरी आणि कादवा यांचा संगम ज्याच्या हद्दीत आहे त्या निफाड तालुक्याचे नाव आज द्राक्षबागांमुळे आणि लासलगावच्या कांद्यामुळे सर्वतोमुखी झाले आहे; परंतु पेशवाई बुडून पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती, नाशिक हा स्वतंत्र जिल्हा व्हावयास अजून बराच अवकाश होता, आणि कचेरीची दप्तरे मोडीत लिहिली जात होती, अशा काळात, १८ जानेवारी १८४२ रोजी, तेथील मामलेदाराच्या हाताखाली कारकुनी करणाऱ्या गोविंदराव रानडे यांच्या घरी महादेव, म्हणजेच पुढचे माधवराव, हा पुत्र जन्मास आला, हीच मला निफाडची सर्वांत मोलाची मिळकत वाटते.

वडील लवकरच कोल्हापूर दरबारच्या चाकरीत गेल्यामुळे मुलाचे बालपण तिकडेच सरले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी अंमलाशी तुलना करून त्यांनी पहिल्याच्या बाजूने निबंध लिहिला, आणि त्यापायी त्यांचे विद्यार्थिवेतन सहा महिने तहकूब झाले. जे आपल्या बुद्धीस पटले ते मांडण्याचा हा पहिला दंड. पण जिज्ञासा त्याने विझली नाही. मराठ्यांच्या सत्तेचा उदय त्यांनी १९०० साली ग्रंथरूपाने सांगितला, तेव्हा लढाया आणि तहनामे यांच्याइतकेच संतांच्या वाणीलाही त्यांनी राष्ट्रोदयाचे कारण म्हणून स्थान दिले.

परंतु माणसाची कसोटी ग्रंथात लागत नाही, घरात लागते. विधवाविवाहाचा कैवार घेणारे माधवराव १८७३ साली स्वतः विधुर झाले, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेचे पाणिग्रहण केले. या प्रसंगी ते आपल्या मतास जागले नाहीत, हे त्यांच्यावरील भक्तीनेही झाकू नये. त्यांचे मोठेपण मला दिसते ते यापुढच्या वागण्यात. कारण अक्षरओळखही नसलेल्या त्या मुलीस, रमाबाईंस, शिकविण्यास त्यांनी लागलीच आरंभ केला. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायकांच्या टोमण्यांखाली चाललेल्या या अभ्यासास मोकळा श्वास मिळाला तो १८७८ साली नाशिकास बदली झाल्यावर. निफाडपासून जेमतेम वीस मैलांवरच्या त्या बिऱ्हाडात वाचणाऱ्या बाईस हटकणारे कोणी नव्हते. आणि सभेत उभे राहून बोलण्याचा पहिला प्रसंगही रमाबाईंवर नाशिकासच आला.

पुढेही एकदा ते असेच नमले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये माधवरावांसह काही मंडळी चहास गेली, त्यांना जातीबाहेर टाकण्यासाठी ग्रामण्य उभे राहिले, आणि १८९२ साली माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. त्यामुळे अनेक सुधारक मनातून दुखावले. सोबत्यांना जातीचा जाच होऊ नये म्हणून त्यांनी तो कमीपणा पत्करला, असे त्यांच्या निकटवर्तीयांचे सांगणे आहे, आणि ते मला खरे वाटते. तरीही त्या दिवशी त्यांनी ताठ उभे राहावयास हवे होते, असेही मला वाटते.

त्यांचे निखळ रूप पाहावयाचे तर मात्र कलकत्त्यास जावे. १८८६ साली सरकारच्या आर्थिक समितीचे सभासद म्हणून ते तेथे मुक्कामास असता, ज्या मुलखाचे अन्न खातो त्याची भाषा येऊ नये, हे त्यांच्या मनास लागले आणि त्यांनी बंगाली पुस्तके आणविली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी पुढची हकिकत सांगितली आहे. एके सकाळी बाहेरच्या खोलीतून वाचनाचा आवाज आला, तेव्हा कोणी विद्वान भेटीस आले असावेत असे त्यांस वाटले. पाहतात तो हजामत चालली आहे. वस्तरा गालावर, पुस्तक हातात, आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ व उच्चार माधवराव त्या न्हाव्यास विचारीत आहेत. एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाने न्हाव्यापुढे शिष्य व्हावे, याचा रमाबाईंना संकोच वाटला. दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले ही कथा आपल्याकडे प्रत्येक आजी सांगते, पण पंचविसावा गुरू दारी आला असता त्यास ओळखणारा विरळा. थोड्याच दिवसांत माधवराव बंगाली वाचू लागले, आणि त्यांच्याकडून शिकून रमाबाईही.