‘लाईन’ म्हणजे नेमकं काय? पाचोऱ्यात एका इंग्रजी शब्दाचे किती अर्थ आहेत पाहा

‘लाईन गेली’, ‘लाईन लागली’, ‘लाईन टाकली’, ‘लाईन ओलांडू नको’. पाचोऱ्यात दिवसभरात ही चारही वाक्यं सहज कानावर पडतात. पहिल्यात वीज आहे, दुसऱ्यात माणसांची रांग, तिसऱ्यात पाण्याचा पाइप आणि चौथ्यात रेल्वेचे रूळ. शब्द मात्र एकच.

मुळात लाईन म्हणजे दोरा. लॅटिनमध्ये जवसाला ‘लिनम’ म्हणतात आणि जवसाच्या धाग्याला ‘लिनिया’. लिनन कापडाचं नावही त्याच मुळातून आलं. ताणलेला दोरा सरळ असतो, म्हणून लाईन म्हणजे सरळ रेघ, आणि तिथून बाकीचे अर्थ फुटले.

मराठीत या कामांसाठी वेगवेगळे शब्द होतेच. कागदावर ओळ, भूमितीत रेषा, माणसांची रांग. हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. बहुधा म्हणूनच लाईनही मराठीत ‘ती’ झाली आणि तिचं अनेकवचन ‘लाईनी’ असं अगदी देशी थाटात होऊ लागलं.

पाचोऱ्यात ‘लाईन’ म्हटलं की आधी रेल्वेच आठवते. गाव मुंबई–भुसावळ मार्गावर आहे. इथे मुंबईकडे जाते ती ‘अप’ लाईन आणि मुंबईहून भुसावळकडे येते ती ‘डाऊन’. 22 जानेवारी 2025 रोजी तालुक्यातल्या परधाडे स्थानकाजवळ हाच फरक जीवघेणा ठरला. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, गाडी थांबली आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या लाईनवर उतरले. त्या लाईनवरून बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जणांचा जीव गेला. आपली गाडी थांबली म्हणजे शेजारची लाईनही थांबली, असं कधीच नसतं.

पाचोऱ्याची दुसरी लाईन म्हणजे ‘पीजे’, पाचोरा–जामनेर नॅरोगेज. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, लांबी सुमारे 56 किलोमीटर. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे ही गाडी थांबली. ‘लाईन बंद पडली’ याचा इथला अर्थ हा. दुसरीकडे मुख्य मार्गावर लाईनी वाढताहेत: जळगाव–मनमाड चौथ्या लाईनला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली.

शेतात गेलं की अर्थ बदलतो. तिथे लाईन म्हणजे वीज. ‘लाईन आली का?’ (अहिराणीत ‘लाईन उनी का?’) हा प्रश्न रब्बीत रात्रीही विचारला जातो, कारण शेतीपंपांना वीज पाळीने मिळते आणि रात्रीची पाळी असली की पाणी भरायला अंधारात जावं लागतं. सरकारी कागदावर मात्र लाईन नसते, ‘वाहिनी’ असते. दिवसा वीज देण्यासाठीच्या योजनेचं नावही ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’. शेतकरी तिला सोलरची लाईन म्हणून मोकळा होतो.

इथेच एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ‘लाईन गेली आहे’ आणि ‘लाईन बंद केली आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गेलेली लाईन कुठल्याही क्षणी, न सांगता परत येते. बंद केलेली लाईन म्हणजे पुरवठा मुद्दाम तोडलेला, आणि काम होईपर्यंत तो कुणी जोडणार नाही याची खात्री केलेली. लाईनमन खांबावर चढण्याआधी रीतसर परवानगी घेतो ती यासाठीच. लाईन गेलीय म्हणून स्टार्टरची पेटी उघडणं किंवा तुटलेली तार हाताने बाजूला करणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

बाकीचे अर्थ हलकेफुलके. ठिबकची मेन लाईन, ‘पोरगा मेडिकल लाईनला गेला’, ‘जरा लाईनवर ये’. पोलीस लाईन हा शब्द इंग्रजांच्या छावण्यांतून आला. तिथे शिपायांच्या राहुट्या ओळीने असत. ‘लाईन मारणे’ हे मात्र इंग्रजांनाही समजणार नाही, ती कमाई पूर्णपणे आपली.

सगळ्यात नवा अर्थ ‘ऑनलाईन’मध्ये आहे. यातली लाईन म्हणजे मुळात तार. आता मोबाइलला तार नाही, तरी सातबारा ‘ऑनलाईन काढायला’ सेतू केंद्रासमोर लाईन लागतेच.