ऐकवणं आणि ऐकून घेणं

पुण्यात वाद्यांच्या दुकानात गावाचं नाव सांगितलं की गल्ल्यावरचा माणूस एकदम सावरून बसतो. ‘मिरज? म्हणजे तंबोऱ्यांचं गाव!’ मी लगेच दुरुस्ती करत नाही. फुकटचा मान मिळतोय तर दोन घटका घ्यावा. मग सांगतो, ‘मिरज नाही हो, मिरजगाव. कर्जत तालुका. नगरहून सोलापूरकडे निघालात की लागतं.’ मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबरांना घडवलं, तिथल्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेताहेत. आमच्याकडं बाजार आहे, एसटीचा थांबा आहे, ज्वारी-तूर आहे आणि पाऊस पडलाच तर तोही आहे. पण पेटी आमच्याकडंही आहे, आणि तिच्यापायी मी आयुष्यात जेवढं ऐकून घेतलंय तेवढं चाळीस वर्षांच्या मास्तरकीत साहेब लोकांकडूनही घेतलेलं नाही.

हे सगळं आठवायला कारण माझी नात. ती पुण्याला पियानो शिकते. मागल्या उन्हाळ्यात तिनं एक मिन्युएट वाजवून फोनवर धाडला आणि खाली विचारलं, ‘आबा, कसं झालं?’ ही चीज पुष्कळ वर्षं बाखच्या नावावर खपली, आणि मग कळलं की ती ख्रिस्तियान पेत्झोल्ड नावाच्या दुसऱ्याच कुणाची आहे. मला तो पेत्झोल्ड ओळखीचा वाटला. आमच्या निम्म्या अभंगांच्या चाली कुणाच्या, ते आम्हाला तरी कुठं ठाऊक आहे?

तिच्या परीक्षेचा कागदही तिनं दाखवला. लंडनला १८८९ साली निघालेलं मंडळ आहे, ते जगभर परीक्षक पाठवतं. दीडशेपैकी गुण; शंभरला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. आणि प्रत्येक रचनेखाली परीक्षकानं लिहिलेला शेरा. तिच्या कागदावर डावा हात जड पडतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. तिला ते फार लागलं होतं. मी म्हटलं, बाई, आमचा डावा हात तर जन्मभर भात्यावरच. त्याला कुणी जड म्हटलं नाही, हलका म्हटलं नाही. ती म्हणाली, ‘मग तुम्हाला कुणी काय लिहून द्यायचं?’

आता हिला काय सांगावं!

माझी पहिली पेटी म्हणजे आमच्या अण्णांची, थोरल्या चुलत्यांची. दोन शेळ्या विकून आणलेली. बहात्तरच्या दुष्काळात माणसं दिवसभर खडी फोडायला जायची आणि रात्री देवळात भजनाला बसायची, त्या साली उंदरांनी तिचा भाता कुरतडला. अण्णांनी सायकलची ट्यूब कापून, सोल्युशन लावून तो सांधला. पंधरा वर्षं पेटीला त्या रबराचा वास यायचा. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की लाकूड तडकायचं, आणि एखादी पट्टी दाबल्यावर वर यायचंच विसरायची. एखादा सूर उतरला की अण्णा पितळेची पात काढून टोकाकडं अगदी केसभर खरवडायचे. तिथं खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. एकदा मी हे ज्ञान स्वतःच्या हातानं वापरून पाहिलं आणि मधल्या सप्तकातला पंचम कायमचा घालवला. त्याबद्दल मात्र लगेच आणि स्पष्ट शब्दांत अभिप्राय मिळाला.

पेटी मुळात आपली नाही. अलेक्सांद्र दबँ या पॅरिसच्या कारागिरानं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. मांडी घालून बसणाऱ्या देशात ती आली तेव्हा तिचे पाय कापावे लागले. हे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याला द्वारकानाथ घोषांच्या द्वारकिन कंपनीनं केलं: भाता मागं नेला, एका हातानं मारता येईल असा केला, पेटी जमिनीवर आणली. एक हात त्यात गेला. म्हणजे पियानोवाल्यांची दोन हातांची सगळी करामत गेली आणि उरली एकच रेघ, गळ्यामागं धावणारी. ज्या देशात गाणारा मुख्य, तिथं हेच सोयीचं होतं.

आमच्या मुलखात ती दोन दारांनी आली असावी, असा माझा अंदाज आहे. एक दार नाटकाचं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात उभं राहिलं, तेव्हा साथीची मदार सारंगी-तबल्यावर होती. पुढं पेटी आणि पायपेटी आली. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि टेंबे स्वतः पेटीचे बादशहा. गंधर्व मंडळीत तर हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी शेजारी शेजारी असायची. नाटकं गावोगाव जायची, पदं लोकांच्या तोंडी बसायची, आणि पद तोंडी बसलं की घरात पेटी हवीशी वाटायची. दुसरं दार चर्चचं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ पासून आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतर नारायण वामन टिळक नगरला राहिले आणि इंग्रजी हिम्सच्या ठशाऐवजी आपल्या चालींत अभंग, पदं, कीर्तनं ख्रिस्ती मंडळींना देत राहिले. उपासनेत पाश्चात्त्य पट्ट्यांचं वाद्य आणि तोंडी ओवी-अभंग, हे लग्न नगर जिल्ह्यानं फार आधी पाहिलं.

वारकऱ्यांनी मात्र तिला सहजासहजी घेतलं नाही. त्यांचं काम वीणा, टाळ आणि पखवाजावर भागत होतं. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगर, साकत, घोगरगाव करत आमच्या गावाला मुक्कामाला येते आणि पुढं कर्जतची वाट धरते. लहानपणी मी वेशीवर उभा राहून दिंड्या मोजायचो. वीणा चालायची, टाळ चालायचे, पखवाज गळ्यात अडकवून चालायचा. पेटी चालायची नाही. ती बैलगाडीतून यायची आणि मुक्कामाच्या कीर्तनाला उतरायची. अजूनही मला ती पाहुणीच वाटते, म्हणून दोन शब्द कमी बोलावेत तिनं.

तर माझी पहिली जाहीर हजेरी. साल १९७४, शेजारच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह. सप्ताहात पहाटे काकडा, सकाळी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊला कीर्तन. कीर्तन आटोपलं की हरिजागर: आसपासच्या गावांची भजनी मंडळं आळीपाळीनं उजाडेपर्यंत गातात. कुणी व्यावसायिक नाही. शेतकरी, शिंपी, मास्तर, कंडक्टर. आणि समोर बसलेले ऐकणारेही थोड्या वेळानं उठून गाणारेच असतात, म्हणून तिथं बसणं महाकठीण. नाटकाच्या प्रेक्षकाला ‘वन्समोअर’ म्हणता येतं. जागरातला श्रोता काही म्हणतच नाही.

आमच्या मंडळाची पाळी दीडला आली. मी सोळा वर्षांचा, बोटांत नुसती आग. नगरला रेकॉर्डवर ऐकलेले सगळे तुकडे मला त्याच रात्री वाजवायचे होते. बुवा सत्तरीचे, आवाज काळी एकला उतरलेला. मी आपला काळी दोन धरून बसलो, कारण माझे तुकडे तिथंच बसवलेले! बुवांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पट्टी मुकाट्यानं चढवून घेतली आणि गायला लागले. मी दोन चरणांमधली प्रत्येक फट भरून काढली. आधी डावीकडच्या टाळकऱ्याचे टाळ खाली आले. मग दुसऱ्याचे. मग पखवाजवाल्यानं उजवा हात शाईवर नुसता ठेवला आणि डाव्या हातानं ठेका धरून राहिला. मला वाटलं, माझं ऐकायला सगळे शांत झालेत. इतका आनंद मला त्यानंतर कधी झाला नाही!

अभंग संपला. बुवा म्हणाले, ‘चहा घ्या.’ मी चहा घेऊन आलो तर पेटीवर दुसराच माणूस बसलेला होता.

परतताना बैलगाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. वेशीजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, ‘बुवा पंढरीला चालले व्हते. तू म्होरं पळून फाटक लावून घेतलंस.’ एवढाच माझा निकाल. गुण नाहीत, कागद नाही. पण त्यानंतर गाणाऱ्याची पट्टी विचारल्याशिवाय मी पेटीवर बोट ठेवलेलं नाही.

पुढं नगरला नोकरीला असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन परीक्षा दिल्या. तिथं तोंडी प्रश्न, रागांची माहिती, ताल हातावर धरून दाखवणं. निकाल टपालानं आला, पास होतो. कुठं चुकलो, ते त्या कागदानं सांगितलं नाही.

पण सर्वांत मोठा शेरा मारला गेला तो कुणा वाजवणाऱ्यावर नव्हे, पेटीवरच. आक्षेप खरा होता, हे आधी कबूल करतो. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर कापून बसवलेले असतात. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गांधार आणि पेटीचा गांधार यांत १४ सेंटांचा फरक पडतो. शंभर सेंट म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर. पेटीचा गांधार चढा. शिवाय मींड नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. याच्यावर तोड म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज जज्ज क्लेमेंट्स यांनी श्रुतींचं गणित मांडलं, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा तपासला आणि लंडनहून खास श्रुती-हार्मोनियम करून घेतली. ती १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, आणि जमलेल्या गवयांचं तिच्यानं समाधान झालं नाही. बिचारे क्लेमेंट्स! जागरात बसले असते तर निदान चहा तरी मिळाला असता. (अलीकडं डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. ते डॉक्टर, म्हणजे हा रोग हौशी माणसांनाच जडतो.)

मग आकाशवाणी. तिथं पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स पेटीविरुद्ध लिहून गेले, रवींद्रनाथांनी जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र लिहिलं, आणि १ मार्च १९४० पासून पेटी रेडिओवर बंद झाली. इंग्रज गेले तरी बंदी गेली नाही. आपले पुण्याचे बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते, त्यांनीही ती उठवली नाही. १९७१ मध्ये कुठं ती सैल झाली. एकतीस वर्षं. या काळात टेंबे होते, बेळगावला विठ्ठलराव कोरगावकर होते, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर होते. मैफलीत पु. ल. देशपांडे हौसेनं पेटी घेऊन बसत होते. आमच्याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याला जन्मलेले राम चितळकर मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये पेटीची साथ करता करता सी. रामचंद्र झाले.

आणि मिरजगावात? पंचायतीच्या रेडिओवर सारंगी वाजायची आणि तो बंद करून लोक देवळात जाऊन पेटी काढायचे. बंदी होती हे अण्णांना ठाऊकच नव्हतं. मी त्यांना ते सांगितलं १९८० च्या आसपास, कुठल्याशा मासिकात वाचून. ते म्हणाले, ‘कुणी घातली बंदी?’ मी नावं सांगितली. त्यांनी विचारलं, ‘ते ऐकायला आलते का?’

माझं सगळं म्हणणं खरं तर त्या प्रश्नात आलंय. रेडिओच्या लोकांचं गणित चूक नव्हतं, १४ सेंट खरेच आहेत. पण दीड वाजता, घोंगडीवर, सत्तरीच्या गळ्यामागं पेटी काय करते ते त्यांनी तिथं बसून ऐकलं नव्हतं. तो गळा थकला की पेटी त्याचा सूर धरून ठेवते आणि श्वास घेऊन म्हातारा परत तिथंच येतो. सारंगीही हे करील, जास्त गोडही करील. पण सारंगी शिकायला आयुष्य लागतं आणि आमच्याकडं ज्वारी काढायची असते.

या वर्षी सप्ताहाला नात आली होती. जागरात म्हटलं, बस. दोन हातांनी वाजवायची सवय असलेली पोर, भाता मारायचं तिच्या लक्षातच राहीना; सूर दोन मात्रांत मरायचा. शेवटी मी तिच्या मागं बसलो, डावा हात पुढं घालून भाता मी धरला आणि पट्ट्या तिनं. बुवांची पट्टी मात्र तिनं आधी विचारून घेतली. हे मी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच विचारलं. ‘पांढरी चार,’ बुवा म्हणाले. ती एफ म्हणाली आणि बरोबर तिथं बोट ठेवलं.

दोन अभंग झाले. कुणी काही बोललं नाही. टाळ मात्र शेवटपर्यंत वरच होते. चहाला उठलो तेव्हा पलीकडच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं तिला जवळ बोलावलं. ती घाबरतच गेली. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

‘म्हणाले, पोरी, तुझा हात बरा हाय. पण भातेवाला बदल.’