खरखर सारखी कशी?

दोन वेगळ्या मशीनवरचे लॉग मिलिसेकंदापर्यंत तंतोतंत जुळले तर आपण काय म्हणतो? कुणीतरी कॉपी-पेस्ट मारलंय! विज्ञानातला एक मोठा घोटाळा अगदी असाच उघडकीला आला.

सुरुवात १९७४ची. आयबीएमचे अविराम आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचे रॅटनर यांनी कागदावर एक कल्पना मांडली. वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड सिलिकॉनचाच कशाला हवा? सेंद्रिय रेणूच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन सहज देणारा गट, दुसऱ्या टोकाला ते ओढून घेणारा, मध्ये अडसर... झाला डायोड! पण एवढ्याशा रेणूला वायर जोडायची कशी? १९९७ मध्ये मार्क रीड, जेम्स टूर आणि सहकाऱ्यांनी सोन्याची बारीक तार वाकवून तोडली आणि त्या फटीत अडकलेल्या बेंझिनच्या रेणूतून जाणारा प्रवाह मोजला.

मग आला यान हेन्ड्रिक श्योन. बेल लॅब्जमध्ये, जिथे १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, तिथेच. २००१ मध्ये त्याने रेणूंच्या एकाच थराचा ट्रान्झिस्टर चालवल्याचं जाहीर केलं. नोबेलची कुजबुज सुरू झाली. इकडे इतर प्रयोगशाळांतली पोरं महिनोन् महिने तोच प्रयोग करत होती. जमेना. त्यांना वाटायचं, आपलाच हात कच्चा!

२००२ मध्ये लिडिया सोन आणि पॉल मॅकयुएन यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइज हुबेहूब सारखा आहे. मोजमापातली ही खरखर कधीच दोनदा सारखी येत नाही. चौकशी समितीने मूळ डेटा मागितला. प्रयोगवही नव्हतीच, आणि फाइली म्हणे जागा नव्हती म्हणून उडवल्या! २४ आरोपांपैकी १६ सिद्ध झाले, नोकरी गेली. सहलेखक निर्दोष ठरले खरे, पण नाव छापण्याआधी एकानेही मूळ आकडे मागू नयेत?

क्षेत्र मात्र बुडालं नाही. २००३ मध्ये शू आणि ताओ यांनी सोन्याचं टोक सोन्याच्या पृष्ठभागावर टेकवून ओढायचं, परत टेकवायचं, असं हजारो वेळा केलं. प्रत्येक आकडा थोडा वेगळा, पण सगळे मांडल्यावर रेणूची खरी वाहकता दिसली. एका देखण्या आलेखापेक्षा हजार ओबडधोबड आकडे बरे.

असो. डिस्क भरली की रॉ डेटा उडवण्याआधी श्योन आठवा!