दिनविशेष : १५ फेब्रुवारी
१८५५ साली आजच्या तारखेस, पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध होऊ लागला. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्या अस्पृश्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करीत, हे तिने निर्भयपणे नमूद केलेच. परंतु डोक्यावर छप्पर नसता थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या ज्या यातना तिने वर्णिल्या, त्या तत्कालीन पंडितांच्या लेखणीस क्वचितच सुचल्या असत्या. जातीचे आणि बाईपणाचे दुःख असे एकत्र मांडण्याचे काम मुक्ताने कितीतरी आधी केले : वर्णद्वेष व स्त्रीदास्य यांचा एकत्र विचार करणारा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांचा ग्रंथ निघाला १९८१ मध्ये; आणि दलित सासुरवाशिणींच्या घरातील छळाची कैफियतही पुढे बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये मांडली.